किल्लेदाराच्या हातातला कीस

बेकरी आणि झेरॉक्सचं दुकान यांच्यामध्ये बांधणाऱ्याच्या चुकीनं एक फट राहून गेली होती. तिला कोणीतरी शटर लावलं, आत किल्ल्या कापायचं यंत्र ठेवलं आणि उरलेल्या जागेत किल्लेदार बसला. त्याला आता एकोणीस वर्षं झाली. उरलेली जागा म्हणजे तशी काहीच नव्हती आणि किल्लेदार म्हणजे तसा बराच होता. ‘आधी याला बसवला असणार आणि मग भोवती भिंती उभ्या केल्या असणार,’ असं समोरचे मास्तर म्हणायचे. हे मास्तर शाळेतून निवृत्त झालेत, शिकवण्यातून नाहीत. किल्लेदार हे नावही त्यांचंच. ‘किल्ल्या करतो म्हणून खरं तर किल्लीदार म्हणायला हवं,’ ते सांगायचे, ‘पण एकूण बांधकाम पाहता किल्लेदारच शोभतं.’ नाव इतकं चिकटलं की पोस्टमनसुद्धा तेच विचारत येई.

त्याच्या यंत्राच्या मागे एक फळी होती. तिच्यावर आमच्या रस्त्यावरच्या चौतीस घरांच्या जादा किल्ल्या टांगलेल्या असत. किल्ली आत राहिली, दार ओढलं गेलं, की लोक थेट त्याच्याकडे. किल्लीला नुसता नंबराचा बिल्ला, नाव नाही. नंबर कोणाचा, हे कुठंही लिहिलेलं नव्हतं.

‘अरे, यादी कुठंय?’ कोणी विचारलं तर तो कपाळावर बोटानं टकटक करी. ‘इथं. दुकान फोडलं तरी चोराला चौतीस किल्ल्या मिळतील, दार एक नाही.’

एकोणीस वर्षांत एक किल्ली चुकीच्या हातात गेली नाही. माणसाला कशाचा ना कशाचा अभिमान असतो. किल्लेदाराला त्या फळीचा होता. लोक नातेवाइकांवर ठेवत नाहीत तेवढा विश्वास त्या फळीवर ठेवत, आणि तो त्याला जपायचा होता. ही सगळी हकिगत त्या फळीचीच आहे.

दाराबाहेर अडकलेल्या माणसाचा फोन आला की त्याचे तीन प्रश्न ठरलेले. ‘आत कोण आहे? गॅस चालू आहे का? तुम्ही पाणी प्यायलात का?’ तिसरा प्रश्न कशाला, असं त्याच्या बायकोनं, म्हणजे आमच्या वहिनींनी, लग्नानंतर लगेच विचारलं होतं. तो म्हणाला, ‘अगं, घाबरलेल्या माणसाला काहीतरी काम द्यावं लागतं. पाणी प्यायला गेला की दाराला लाथा मारायचा थांबतो.’

वहिनी मोठ्या चौकात चष्म्याच्या दुकानात कामाला. नवरा पितळ कापतो, बायको काचा बसवते. घरात स्क्रू ड्रायव्हर इतके की चमचा मागितला तरी आधी तोच हाताला लागायचा. दर रविवारी सकाळी एक कार्यक्रम असे. किल्ली कापताना पितळेचा कीस उडतो आणि बोटांच्या टोकांत घुसतो. किल्लेदार कोमट पाण्यात हात बुडवून बसे आणि वहिनी दुकानातलं भिंग डोळ्याला लावून चिमट्यानं एकेक कण काढत. ‘आज अकरा निघाले,’ त्या जाहीर करत. ‘वितळवून बांगडी करा,’ तो म्हणे.

आता मूळ गोष्ट. एकदा तिसऱ्या मजल्यावर एका बाईंचं दार उघडायला किल्लेदार गुडघ्यांवर बसला. दार चार मिनिटांत उघडलं. किल्लेदार उठायला वीस मिनिटं लागली. दोन शेजारी आले, एकानं काखेत हात घातला, एकानं मागून रेटलं. बाई म्हणाल्या, ‘कुलूप परवडलं!’ सगळे हसले, तोही हसला. घरी आल्यावर मात्र खिडकीकडे तोंड करून बसला. त्याआधीच डॉक्टरांनी रक्तदाब सांगितला होता, वजन उतरवा म्हणाले होते. त्यानं प्रयत्नही केले होते. पण बेकरीच्या भिंतीला पाठ लावून ज्याला दिवस काढायचा आहे, त्याच्या निश्चयाची परीक्षा दर दोन तासांनी भट्टीतून बाहेर येत असे.

मग जिममधल्या प्रशिक्षकानं त्याला गोळ्या दिल्या. हा गडी तिथल्या कपाटांच्या किल्ल्या करून घ्यायला येई. दंड असे की शर्टाला बाह्या कशाला लावतात असा प्रश्न पडावा. सगळे त्याला पोलादी म्हणत. ‘भूकच लागत नाही,’ पोलादी म्हणाला. ‘आणि अंगात ताकद अशी येते की बघाच. बाहेरून मागवतो मी.’ गोळ्यांच्या पट्टीवर नाव नव्हतं, तारीख नव्हती, काही नव्हतं. ज्या माणसाला बिनशिक्क्याचं कुलूप विकायची लाज वाटायची, त्यानं बिननावाची गोळी पाण्याबरोबर गिळली.

पहिले तीन महिने म्हणजे नुसता उत्सव. किल्लेदार उतरू लागला. पट्ट्याला नवी भोकं पडली. दुकान सकाळी सातला उघडं. किल्ली कापून द्यायला पूर्वी दहा मिनिटं लागत, आता तीन. आणि त्या तीन मिनिटांत बोलणं मात्र तासाभराचं. हा माणूस मूळचा मितभाषी, आता झेरॉक्सवाल्याला कुलपाचा इतिहास सांगायला लागला. झेरॉक्सवाला म्हणाला, ‘माझं यंत्रसुद्धा अधूनमधून थंड व्हायला थांबतं हो!’ आम्ही सगळे येता-जाता म्हणायचो, ‘वा किल्लेदार, काय उतरलात! काय केलंत?’ हे आमच्या नावावर लिहून ठेवायला हवं. त्या तीन महिन्यांत त्याला ‘वा’ म्हटलं नाही असं रस्त्यावर कोणी नव्हतं.

फक्त वहिनी म्हणाल्या नाहीत. त्यांनी ताट न शिवता परत आलेलं पाहिलं. त्यांना दात खाण्याचा आवाज ऐकू येई. झोपेत नव्हे, जागेपणी, भर दुपारी. जबडा सारखा चालू. एक दाढ अर्धी तुटली. दाताचे डॉक्टर म्हणाले, ‘काय चावता काय? किल्ल्या?’ तोंडाला सदा कोरड, दिवसाला पाण्याच्या दहा बाटल्या. झोप आठवड्याला मोजावी इतकी. आणि घरातली सगळी कुलपं त्यानं खोलून, स्प्रिंगा आणि पिना वर्तमानपत्रावर ओळीनं मांडायला घेतलेल्या. आधी लांबीप्रमाणे, मग रंगाप्रमाणे, मग टेबलावर टाकल्यावर येणाऱ्या आवाजाप्रमाणे. सात-सात तास.

‘घरात एक कुलूप धड नाही,’ वहिनी म्हणाल्या, ‘आणि स्प्रिंगांची मात्र कवायत चाललीय.’

‘व्यवस्था लावतोय.’

‘कोणाची?’

त्यानं सगळ्या ओळी मोडल्या. पुन्हा पहिल्यापासून मांडायला घेतलं. एका गोळीच्या तोवर तीन झाल्या होत्या, कारण एकीनं आता काहीच होईना. वहिनींना एवढंच माहीत होतं की वजनाची काहीतरी जडीबुटी चालू आहे. पोलादीनं तसंच सांगितलं होतं.

मग हातात कीस गेला.

म्हणजे तो म्हणाला, गेला. आणि यात कोणालाही काही वेगळं वाटलं नाही, हीच खरी अडचण झाली. दुसरा कोणी, समजा शिक्षक किंवा बेकरीवाला, ‘माझ्या कातडीखाली काहीतरी चालतंय’ असं म्हणाला असता, तर घरच्यांनी त्याला उचलून डॉक्टरकडे नेला असता. किल्लेदार म्हणाला आणि वहिनींनी नेहमीसारखं पाणी कोमट केलं. भिंग लावलं. बोटांत दोन कण होते, ते काढले.

‘तिथं नाही. वर. मनगटाच्या वर.’

‘इथं काही नाही दिसत.’

‘आत गेलाय तो. सरकतोय बघ. बघ, बघ, आत्ता कोपराकडे गेला.’

वहिनींनी पुन्हा पाहिलं. मग दुसऱ्या दिवशी दुकानातलं मोठं दिव्याचं भिंग आणलं. ज्या भिंगाखाली काचेवरचा केसाएवढा ओरखडाही सापडतो, त्याखाली त्यांना फक्त नखांचे ओरखडे सापडले. तरी त्या आठ-दहा दिवस त्याचं ऐकून चिमटा चालवत राहिल्या. नंतर त्या आम्हाला म्हणाल्या, ‘मला वाटायचं, माझेच डोळे गेले. चष्म्याच्या दुकानात राहून नंबर वाढला असेल.’

किल्लेदाराची थोरली बहीण, आम्ही सगळेच तिला ताई म्हणतो, ती मदतीला आली. कुठलाही आजार सामानानं बरा होतो, असा ताईंचा विश्वास. त्यांनी लोहचुंबक आणला. भाऊ खुर्चीत, हात टेबलावर, आणि ताई कोपरापासून बोटांपर्यंत चुंबक फिरवताहेत, असं दृश्य मास्तरांनी दारातून पाहिलं.

‘ताई, पितळ चुंबकाला चिकटत नाही,’ मास्तर म्हणाले. ‘सातवीचा धडा आहे.’

‘मग इतका वेळ बोलला का नाहीत?’

‘आत्ता आलो!’

किल्लेदार मात्र हसला नाही. खालच्या आवाजात म्हणाला, ‘पण काही किल्ल्या लोखंडाच्या असतात. त्या वेगळ्या. त्या मुद्दाम दिलेल्या.’

‘कोणी दिलेल्या?’ वहिनींनी विचारलं.

त्यानं दाराकडे पाहिलं. वहिनींनी त्या दिवसापासून चिमटा बाजूला ठेवला.

दोन दिवसांनी त्यानं तेही सांगितलं. घरात कोणीतरी येऊन जातं. वस्तू जागच्या जागी असतात, पण तेच तर! इतक्या जागच्या जागी कशा असतील, कोणी ठेवल्याशिवाय? आणि येणार कोण? ज्यांच्या किल्ल्या आपल्याकडे आहेत तेच. चौतीस घरांच्या किल्ल्या आपण ठेवतो, तर आपली किल्ली त्या चौतीस घरांनी करून घेतली नसेल कशावरून? जिन्यातून जाणाऱ्यांचं बोलणं त्याला ऐकू येई, आणि ते सगळं त्याच्याबद्दल असे. जिन्यात कोणी नसलं तरी ऐकू येई.

किल्लेदारानं घराचं कुलूप बदललं. दुसऱ्या दिवशी पुन्हा बदललं. मग रोज. सकाळी वहिनी कामाला निघाल्या की तो नवी किल्ली हातात ठेवी, ‘ही आजची.’ वहिनींच्या पर्समध्ये कालची, परवाची, तेरवाची असा जुडगा वाढत गेला. त्या दुकानात मैत्रिणीला म्हणाल्या, ‘लोकांकडे घर एक आणि किल्लीही एक असते. माझ्याकडे घर एक आणि किल्ल्या बावीस.’ मैत्रीण हसली. वहिनीही हसल्या आणि मग काउंटरखाली वाकून बराच वेळ काहीतरी शोधत राहिल्या.

इकडे फळीची बातमी पसरली. किल्लेदार गिऱ्हाइकाला विचारू लागला होता, ‘परवा आला होतात ना आत?’ लोक चमकत. मग एकेकजण येऊन म्हणू लागला, ‘ती जादा किल्ली जरा द्या हो, पाहुणे येणारेत.’ एका महिन्यात रस्त्यावर इतके पाहुणे येणार होते की हॉटेल काढावं लागलं असतं. तो किल्ली काढून देई. चौतिसाच्या अकरा राहिल्या. शिवणकाम करणाऱ्या बाई वहिनींना म्हणाल्या, ‘राग मानू नका हो, घरात माझी एकटी मुलगी असते.’ वहिनी म्हणाल्या, ‘मी तुमच्या जागी असते तर मीही नेली असती.’ हे बोलणं त्यांना किती जड गेलं असेल ते त्यांनाच ठाऊक.

एका मंगळवारी दुपारी ताईंचा फोन आला. भाऊ दार उघडत नाही, आतून फर्निचर सरकवल्याचा आवाज येतोय. वहिनी तशाच निघाल्या. जिन्यात ताई, मास्तर आणि बेकरीवाला उभे. आजची किल्ली चालली, कुलूप फिरलं, पण दार हललं नाही. त्यानं आतून तीन अडसर लावले होते.

‘दुसरा किल्लीवाला आणू का?’ बेकरीवाल्यानं विचारलं.

‘किल्लीनं उघडेल असं दार ठेवलंय कुठं त्यांनी,’ वहिनी म्हणाल्या. मास्तर म्हणाले तोडू. ताई दारावर थापा मारू लागल्या, ‘अरे उघड! मी आहे, तुझी ताई!’ आतून आवाज आला, ‘ताईचा आवाज काढता येतो तुम्हाला, माहितीये मला.’ आणि काहीतरी जड दाराला येऊन टेकलं.

वहिनींनी सगळ्यांना खालच्या मजल्यावर पाठवलं. पायरीवर बसल्या. पर्समधून फोन काढला आणि दुकानाच्या पाटीवर छापलेला नंबर लावला. तो फोन किल्लेदाराच्या खिशात असे. आत घंटी वाजली. एकदा, दोनदा, पाच वेळा.

‘हॅलो,’ किल्लेदार म्हणाला. ‘किल्लीवाले.’

‘मी दाराबाहेर अडकलेय,’ वहिनी म्हणाल्या.

मग सवयीनं प्रश्न आला, एकोणीस वर्षांच्या सवयीनं. ‘आत कोण आहे?’

‘माझा नवरा आहे.’

‘गॅस चालू आहे का?’

‘माहीत नाही. तो आजारी आहे. त्याला स्वतःहून उघडता येत नाहीये.’

‘तुम्ही पाणी प्यायलात का?’

‘नाही,’ वहिनी म्हणाल्या आणि इतका वेळ धरून ठेवलेलं रडू तेव्हा फुटलं. ‘नाही हो. तुम्ही लवकर या.’

यात एक शब्द खोटा नव्हता. आत कपाट सरकल्याचा आवाज झाला. एक अडसर निघाला, मग दुसरा, मग तिसरा. दारात किल्लेदार उभा, अंगात बनियन, दोन्ही हात कोपरापर्यंत ओरबाडून लाल झालेले, आणि खांद्याला हत्यारांची पिशवी. तो कामावर निघाला होता. समोर पायरीवर बायको दिसल्यावर त्याला पुढं कुठं जायचं ते कळेना.

‘पत्ता काय म्हणालात?’ त्यानं विचारलं.

‘हाच,’ वहिनी म्हणाल्या.

तो तिच्या शेजारी पायरीवर बसला. छातीवर हात ठेवला. ‘अगं, फार धडधडतंय,’ तो म्हणाला. दोन महिन्यांत कीस आणि लोक सोडून स्वतःबद्दल असं हे त्याचं पहिलं वाक्य.

इस्पितळात नाडी एकशे चव्वेचाळीस निघाली. रक्तदाब असा की नर्सनं यंत्र बदलून पुन्हा घेतला. आधी हृदयाची तपासणी, मग झोपेचं इंजेक्शन, मग मनोविकारांच्या डॉक्टरीणबाई आल्या. बाई वयानं लहान, बोलायला रोखठोक.

‘काही औषधं चालू आहेत? झोपेची, वजनाची, ताकदीची, कसलीही?’

‘त्या वजनाच्या तेवढ्या,’ ताई म्हणाल्या, ‘पण त्या काय औषधात धरायच्या?’

‘धरायच्या,’ बाई म्हणाल्या.

लघवीची तपासणी झाली आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी वहिनींना आणि ताईंना बसवून सांगितलं. गोळीत अ‍ॅम्फेटामीन आहे. भूक मारतं, झोप मारतं, सुरुवातीला माणसाला वाटतं आपल्यासारखे आपणच. हृदयाला पळवतं, रक्तदाब चढवतं, दात झिजवतं. तरुण माणसालासुद्धा यानं झटका येऊ शकतो, डोक्यात रक्तस्राव होऊ शकतो. आणि फार दिवस, फार घेतलं की कातडीवर किडे चालल्यासारखं वाटतं, नसलेले आवाज येतात, सगळे आपल्या वाईटावर आहेत अशी खात्री पटते.

‘खात्री,’ बाई पुन्हा म्हणाल्या. ‘शंका नाही. शंकेशी वाद घालता येतो.’

‘पण त्याच्या हातात कीस जातो हो खरंच,’ ताई म्हणाल्या. ‘धंदाच तो आहे.’

‘म्हणून तर तुम्हाला दोन महिने उशीर झाला,’ बाई म्हणाल्या. आवाजात दोष नव्हता. ‘कातडीखाली काही नव्हतं. पण त्यांना जे जाणवत होतं, ते त्यांना खरंच जाणवत होतं. ढोंग नाही.’

‘म्हणजे वेड नाही ना लागलं?’

‘गोळ्या बंद झाल्या की बहुतेकांचं हे काही दिवसांत, काही आठवड्यांत ओसरतं. काहींचं रेंगाळतं. आम्ही औषध देतोय. पण एक लक्षात ठेवा. ज्याला एकदा असं झालंय, त्यानं पुन्हा थोडीशी जरी घेतली तरी या वेळेइतके महिने लागणार नाहीत. थेट इथंच.’

वहिनी परत येताना जिमवर गेल्या. पोलादी आरशासमोर होता. ‘मी तर त्यांना एकच घ्या म्हटलं होतं, वहिनी,’ तो म्हणाला. वहिनींनी डॉक्टरीणबाईंचा कागद त्याच्या हातात दिला. ‘तुमच्याकडून अजून ज्यांनी ज्यांनी नेली, त्यांच्या घरच्यांना आज सांगा. उद्या मी सांगेन.’ पोलादीला तेव्हा बाह्या असत्या तर त्यानं घाम पुसला असता. इकडे डॉक्टरीणबाईंनीही औषध खात्याला कळवलं होतं. पुढच्या आठवड्यात जिममधलं त्याचं कपाट अधिकाऱ्यांनी उघडलं आणि तो तिथं दिसेनासा झाला.

किल्लेदार पहिले दोन दिवस झोपला. उठवून जेवण भरवायचं, पुन्हा झोपायचा. मग खात सुटला, आणि सगळ्यांना वाटलं, सुटलो. पण तिसऱ्या आठवड्यात तो भिंतीकडे तोंड करून पडू लागला. कशात रस नाही, बोलणं नाही. बाई म्हणाल्या होत्या, हे होणार; मेंदूला इतके दिवस उसना जोर होता, आता स्वतःच्या जोरावर उभं राहायला वेळ लागतो. याच दिवसांत माणूस पुन्हा गोळीकडे वळतो, म्हणून एकटं सोडू नका. वहिनींनी रजा काढली. ताई येऊन बसत आणि त्याला वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून दाखवत, छोट्या जाहिरातींसकट. एक दिवस तो म्हणाला, ‘ताई, बास. त्या जुन्या सोफ्याची जाहिरात तिसऱ्यांदा वाचतेयस.’ ताई धावत स्वयंपाकघरात गेल्या. ‘चिडला गं तो! चिडला!’

आवाज हळूहळू लांब गेले. जिन्यात कोणी बोललं तर तो वहिनींना विचारी, ‘आहे का कोणी?’ त्या ‘आहे, वरचे काका’ किंवा ‘नाही, कोणी नाही’ म्हणत. तो मान डोलावी. हे विचारायला त्याला लाज वाटायची आणि तरी तो विचारायचा.

अडीच महिन्यांनी शटर वर गेलं. लोक आले, बरं वाटलं का म्हणाले, एक-दोघांनी उगाचच किल्ल्या करून घेतल्या. फळीवर अकरा किल्ल्या लटकत होत्या. ज्यांच्या होत्या ते परत मागायला संकोचत होते आणि ठेवायला घाबरत होते. किल्लेदाराला हे दिसत होतं. एक दिवस त्यानं त्या अकराही काढल्या आणि रुमालात बांधल्या.

‘देऊन टाकतो,’ तो वहिनींना म्हणाला.

‘लोकांनी मागितल्या का?’

‘नाही. म्हणूनच. उद्या मला पुन्हा वाटलं की हे सगळे माझ्या घरात शिरतात, तर यांच्या किल्ल्या माझ्याकडे असायला नकोत. डोकं ठीक आहे हे मला नेमकं तेव्हाच कळणार नाही ना, जेव्हा ठीक नसेल.’

वहिनी उठल्या. त्या म्हणाल्या, ‘थांबा, चप्पल घालते.’

अडचण एकच. नंबर कोणाचा, ते त्याला आठवेना. यादी जिथं होती तिथूनच काही पानं गेली होती. चौतिसातल्या पाच-सहा त्यानं धडाधड सांगितल्या असत्या, पण नेमक्या या अकरा नाहीत. मग दुसरा मार्ग नव्हता. शनिवारी सकाळी, भर उन्हात, किल्लेदार वहिनींना घेऊन दारोदार गेला आणि प्रत्येक दाराला अकरा किल्ल्या लावून पाहू लागला. मालक दारात उभे, शेजारी खिडकीत. घरफोडीचं असं जाहीर प्रात्यक्षिक कोणी पाहिलं नसेल. बेकरीवाला ओरडला, ‘माझ्या दाराला सातवी लावा, सात नंबर मला शुभ आहे!’ झेरॉक्सवाल्याच्या आईनं त्याला खुर्ची दिली, कारण तो पुन्हा थोडा किल्लेदार व्हायला लागला होता आणि गुडघ्यावर बसला की उठवावं लागे. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंची किल्ली लागली तेव्हा त्या म्हणाल्या, ‘ठेवा की हो तुमच्याकडेच.’ तो म्हणाला, ‘नको बाई.’ त्यांनी पुन्हा आग्रह केला नाही. किल्ली घेताना त्यांचा चेहरा हलका झाला, आणि तो किल्लेदारानं पाहिला.

दुपारपर्यंत दहा गेल्या. अकरावी मास्तरांची निघाली.

मास्तरांनी हात मागे घेतला. ‘मी नाही घेणार.’

‘मास्तर, घ्या. माझ्या डोक्याचा भरवसा नाही.’

‘तुझ्या डोक्याचं मला माहीत नाही, पण माझ्या डोक्याचं मला पक्कं माहीत आहे. वर्षात चार वेळा बाहेर अडकतो मी. ही किल्ली माझ्याकडे आली की आठ दिवसांत हरवेल. मग मी कुणाला फोन करू?’

‘मला करा.’

‘आणि तू येशील कशानं? दार फोडून?’

किल्लेदार उन्हात उभा राहिला. किल्ली तळहातावर. त्याला ती खिशात घालावीशी वाटत होती, हे वहिनींना स्पष्ट दिसलं. आणि तो घालणार नाही, हेही. त्यानं किल्ली वहिनींच्या हातात दिली.

‘हिच्याकडे राहील,’ तो म्हणाला. ‘तुम्ही मला फोन करा. मी हिला विचारेन. हिला मी ठीक वाटलो तर ही देईल, नाही वाटलो तर ही स्वतः येऊन उघडेल.’

‘मला कुठं येतं उघडायला?’ वहिनी म्हणाल्या.

‘किल्लीनं कोणालाही येतं.’

मास्तरांनी विचार केला. ‘म्हणजे मला दर वेळी दोन माणसांची परवानगी लागणार.’

‘आणि तोवर तुम्ही पाणी प्या,’ वहिनी म्हणाल्या, आणि किल्ली चष्म्याच्या रिकाम्या डबीत टाकून तिचं झाकण लावलं.